बालवाडीत 'बदामाचा दिवस' कसा करायचा: नवीन टीचरांसाठी

दरवर्षी जानेवारी संपत आला की नवीन लागलेल्या एखाद्या टीचरचा मला फोन येतोच, की व्हॅलेंटाईनला वर्गात काहीतरी करायला सांगितलंय, मुलं तीन-चार-पाच वर्षांची, नक्की काय करू? मी गोव्यात डिचोली तालुक्यात बालवाडी शिकवते, मुलं घरी कोंकणी बोलतात, शाळेत मराठी, आणि टीव्हीवरचं हिंदी वेगळंच. फोनवर सगळं सांगून होत नाही म्हणून यंदा लिहूनच काढतेय. ज्यांना जे जमेल ते घ्या, सगळं एका दिवसात कोंबू नका.

सगळ्यात आधी नाव ठरवा. आम्ही वर्गात याला 'बदामाचा दिवस' म्हणतो. पत्त्यातला बदाम मुलांनी घरी बघितलेला असतो, आकार लगेच कळतो, आणि ज्या पालकांना व्हॅलेंटाईन हा शब्द लहान मुलांच्या बाबतीत खटकतो त्यांनाही काही वाटत नाही. कोणी म्हणतं 'मायेचा दिवस', कोंकणीत 'मोगाचो दीस' म्हटलं तरी गोडच. मुलांना मी एवढंच सांगते की आपली काळजी कोण कोण घेतं ते आज आपण शोधायचं आणि त्यांना आपल्या हातांनी काहीतरी द्यायचं. चार वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही, आणि 'तुझी गर्लफ्रेंड कोण' असली मस्करी मोठ्यांनी मुलांसमोर अजिबात करू नये, मदतनीस ताईंनाही हे आधीच प्रेमाने सांगून ठेवा.

दुसरं म्हणजे कॅलेंडर बघा. गोव्यात फेब्रुवारी म्हणजे कार्निव्हल, आणि त्याच्या पाठोपाठ राखेचा बुधवार. २०२४ मध्ये राखेचा बुधवार नेमका १४ फेब्रुवारीलाच आला होता, तो ख्रिस्ती घरांत उपवासाचा दिवस, त्या दिवशी वर्गात खाऊचा कार्यक्रम ठेवणं बरं दिसत नाही. २०२६ मध्ये कार्निव्हलचा शनिवारच १४ ला आला, २०२७ ला १४ तारीख रविवारी आहे. म्हणून तारखेला चिकटून राहू नका, आधीच्या आठवड्यातला कुठलाही शांत दिवस धरा आणि मुख्याध्यापकांना कागदावर लिहून द्या काय काय करणार ते.

दोन-तीन आठवडे आधी: पानं गोळा करणं

हा माझा सगळ्यात आवडता भाग आणि यात खर्च शून्य. मुलांना घेऊन शाळेच्या आवारात फिरा आणि 'बदामासारखं पान कुठलं' ते शोधायला लावा. पिंपळाचं पान तर आहेच, लांब शेपटीवालं. कोणाच्या परसात पानवेल असेल तर विड्याचं पान, कुंपणावर गुळवेल असते तिचं पान, आणि खाडीकाठच्या शाळा असतील तर भेंडीचं झाड, म्हणजे भाजीची भेंडी नाही, पिवळ्या फुलांचं मोठं झाड असतं ते, त्याचं पानही हुबेहूब बदाम. गंमत म्हणजे ज्याला आपण बदामाचं झाड म्हणतो, शाळेच्या मैदानात सावलीला असतं ते, त्याचं पान बदामासारखं मुळीच नसतं! मुलं यावर खूप वेळ वाद घालतात, घालू द्या, निरीक्षण म्हणजे हेच.

पण त्याच बदामाच्या झाडाचा दुसरा उपयोग आहे. या दिवसांत त्याची पानं गळायच्या आधी लालभडक होतात आणि खाली पडलेली असतात. ती सकाळी गोळा करा, धूळ पुसा, जुन्या वर्तमानपत्रात घालून वर एखादी जड वही ठेवून एक रात्र दाबा. दुसऱ्या दिवशी ती सपाट होतात पण अजून लवचिक असतात, तेव्हा त्यातूनच बदाम कापायचे. दोन-तीन दिवस राहिली तर कुरकुरीत होऊन कापताना तुटतात, म्हणून वेळ साधायला हवी. लाल घोटीव कागद विकत आणायची गरजच पडत नाही, आणि प्रत्येक पानाचा लाल वेगळा, कुठे पिवळट, कुठे जांभळट, कागदाला तो रंग येणार नाही.

पिंपळाची चांगली मोठी पानं बघून पाण्यात घालून ठेवा. दोन-तीन आठवडे, मधेमधे पाणी बदलायचं, वास येतो म्हणून बाहेर ओट्यावर ठेवा पण झाकण लावून, डास नकोत. नंतर मऊ जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासलं की हिरवं निघून जातं आणि जाळी राहते. घासायचं काम मोठ्यांनी करायचं, मुलांनी फक्त पाणी ओतायचं. अर्धी पानं फाटतात, म्हणून मुलांच्या दुप्पट घाला.

इथे तीन गोष्टी जरा जोर देऊन सांगते. अळूचं पान बदामासारखं दिसतं पण चीक लागला की हात खाजतात, ते लांबून दाखवा. कुंपणावर लाल-काळ्या गुंजा दिसतील, मुलांना त्या फार आवडतात, पण गुंज विषारी आहे, वर्गात एकही येता कामा नये. आणि काजूचा सीझन सुरू होत असतो, मुलं खिशातून ओल्या बिया आणतात, त्या सालीतल्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. मोजायला, लावायला बाटल्यांची बुचं घ्या, किंवा चिंचोके, पण चिंचोके फक्त पाच वर्षांच्या वरच्यांनाच, लहान मुलं नाकात घालतात.

चिकटवायला खळ

फेव्हिकॉल चालतो, पण तीस मुलांना पुरवायचा म्हणजे डबाच लागतो. घरी खळ करा. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग तीन वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा, पांढरं होतं ते पारदर्शक दिसायला लागलं की उतरवा. जुनी माणसं खळ टिकावी म्हणून त्यात मोरचूद घालायची, आपण अजिबात घालायचं नाही, ते विष आहे आणि ही मुलं बोटं चाटतात. बिनमोरचुदाची खळ फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, रोजच्या रोज केली तर उत्तम. वाटीत थोडी थोडी द्या, बोटाने लावू द्या, ब्रशपेक्षा बोट बरं.

बदाम कापायचा कसा

नवीन टीचरांची गाडी इथेच अडते. कागद मधोमध दुमडायचा. घडीची बाजू डावीकडे ठेवायची. आता घडीपासून सुरुवात करून मराठी २ काढायचा, पण शेपटी न देता, म्हणजे वर गोल जाऊन तिरपं खाली येऊन परत घडीलाच टेकायचं. त्या रेषेवर कापलं आणि उघडलं की बदाम. पाच वर्षांच्या मुलांना २ येतो, त्यामुळे ही खूण लगेच लक्षात राहते. चार वर्षांच्यांना तुम्ही रेषा काढून द्या, ती कापतील. तीन वर्षांच्यांच्या हातात कात्री देऊच नका, त्यांना कागद फाडायला द्या. तुम्ही कार्डशीटवर मोठा बदाम आखायचा आणि त्यांनी लाल-गुलाबी कागदाचे कपटे फाडून आत चिकटवायचे. फाडणं हे पण शिकणंच आहे, चिमटीत जोर येतो आणि पुढे पेन्सिल धरायला तोच जोर लागतो.

पहिल्या वर्षी माझ्या वर्गात एका मुलीने घडी उजवीकडे ठेवून कापलं, उघडायला गेली तर हातात दोन तुकडे. ओठ काढून रडायच्या बेतात होती, तेवढ्यात बाजूचा मुलगा ओरडला, "टीचर, काजू!" आणि खरंच, अर्धा बदाम म्हणजे तंतोतंत काजूच. तिचं रडणं तिथेच थांबलं, आणि मग काय, सगळ्यांना काजूच कापायचे होते. आम्ही तपकिरी कागदाचं एक झाड करून भिंतीवर लावलं आणि चुकलेले सगळे तुकडे त्यावर टांगले. तेव्हापासून मी चुकलेल्यांसाठी झाड आधीच तयार ठेवते. तुम्हीही ठेवा, कारण चुकणारच आहेत, आणि चुकलेलं फेकून दिलं की ते मूल पुढचा अर्धा तास कात्रीला हात लावत नाही.

डावखुरी मुलं असतील तर त्यांना घडी उजवीकडे आणि २ उलटा, आरशात दिसतो तसा. त्यांच्या हातात साधी कात्री नीट चालत नाही, शाळेत एखादी डावखुऱ्यांची कात्री असेल तर बघा, नसेल तर शेजारी बसून कागद तुम्ही धरा.

अंगठ्याचे बदाम

कात्री नको वाटत असेल तर हे करा, सगळ्या वयांना जमतं. बाटलीच्या झाकणात स्पंजचा तुकडा, त्यावर थोडा लाल पोस्टर कलर. अंगठा दाबून कागदावर तिरका ठसा, मग बाजूला उलट्या बाजूला तिरका दुसरा ठसा, खालची टोकं एकमेकांवर आली की बदाम तयार. स्टँप पॅडची शाई वापरू नका, दोन दिवस जात नाही. ओलं फडकं प्रत्येक टेबलावर ठेवा, नाहीतर भिंतीवर पण बदाम उमटतात. एका मोठ्या कागदावर पूर्ण वर्गाचे ठसे घ्या आणि प्रत्येकाखाली नाव लिहा, हा कागद वर्षभर भिंतीवर राहतो, आणि मुलं रोज येऊन आपल्या ठशावर बोट ठेवून बघतात, मोठं झालंय का ते.

छातीतलं घुमट

बदाम बदाम करतोय तर खरं हृदय कुठे असतं ते सांगायलाच हवं. आधी मूठ आवळायला सांगा, तुझं हृदय साधारण तुझ्या या मुठीएवढं. मग चार्ट पेपरची फूटभर लांब गुंडाळी करा, एक टोक मित्राच्या छातीवर मधोमध, जरा डावीकडे, दुसरं टोक आपल्या कानाला. पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरने १८१६ मध्ये असंच कागद गुंडाळून पेशंटच्या छातीतला आवाज ऐकला होता, स्टेथोस्कोपची सुरुवात तिथून झाली, म्हणजे आपल्या मुलांच्या हातात अगदी पहिला स्टेथोस्कोप असतो. वर्गात पंखा बंद करा, नाहीतर काहीच ऐकू येत नाही.

पण आधी विचारायचं. "ऐकू?" आणि समोरच्याने हो म्हटलं तरच गुंडाळी लावायची, नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जायचं, रुसायचं नाही. हा नियम मी तीनदा म्हणून घेते. दुसऱ्याच्या अंगाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही हे भाषण देऊन कळत नाही, हे असं करता करता कळतं. एका मुलाने पहिल्यांदा कान लावला तेव्हा त्याचे डोळे एवढे मोठे झाले आणि तो कुजबुजला, "टीचर, भितर कोणतरी दार वाजयता!" मग सगळ्यांना वीस उड्या मारायला लावल्या आणि परत ऐकलं, दार वाजवणारा घाईत होता.

यासाठी मी एक बडबडगीत केलंय, घुमट म्हणजे मडक्यासारखं मातीचं वाद्य, मुलांच्या ओळखीचं असतं, चवथीला आरतीत वाजतं, शिगम्यात पण. हवं तर घ्या:

घुम घुम घुम घुम आत कोण?
मुठीएवढं घुमट, दुसरं कोण!
धावले की वाजतं जोरात जोरात,
निजले तरी वाजतं सारी रात.

पहिल्या दोन ओळींना छातीवर हलके थोपटायचं, तिसरीला जागच्या जागी धावायचं, चौथीला गालाखाली हात घेऊन आडवं व्हायचं. सलग चार-पाच वेळा म्हटलं की वर्ग आपोआप शांत होतो, मी हे मस्तीच्या वेळीही वापरते.

कार्ड, आणि त्यात लिहायचं काय

माझ्या मते सगळा दिवस या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून इथे घाई करू नका. पहिल्या वर्षी मी सगळ्या कार्डांवर 'आय लव्ह यू' आधीच छापून घेतलं होतं, मुलांनी रंग भरले, घरी नेली, झालं. दुसऱ्या वर्षी कोरी कार्डं ठेवली आणि एकेका मुलाला जवळ बसवून विचारलं, कोणाला देणार? ती तुझ्यासाठी काय करते? आणि जे मूल बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहिलं, कोंकणीत बोललं तर कोंकणीतच. 'आजी मला भात कालवून देते आणि काटे काढते.' 'दादा सायकलवर पुढे बसवतो.' 'काकी रागवत नाही.' पालक ही कार्डं जपून ठेवतात. तुम्ही मुलाचं वाक्य सुधारून सुंदर करायला जाऊ नका, जसंच्या तसं लिहा. तीस मुलं असतील तर दिवसाला सहा-सात, म्हणजे आठवडा जातो, बाकीची तोवर रंगवत असतात.

एक काळजी घ्या. 'मम्मी-पप्पांसाठी कार्ड' असं सांगू नका, 'घरच्या माणसासाठी' म्हणा. आपल्याकडे कितीतरी मुलांचे पप्पा बोटीवर असतात, कोणाची आई गल्फला, कोणी आजोळी वाढतंय, कोणाचं माणूस राहिलेलंच नाही. मूल ज्याचं नाव घेईल ते बरोबर. बोटीवरच्या पप्पांसाठी कार्डाचा फोटो आणि मुलाच्या आवाजात ते वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्यांकडून पाठवायला सांगा, पण वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. आणि लांबच्या आजीसाठी पोस्टकार्ड घ्या, गावातल्या पोस्टात मुलांना रांगेने नेऊन एकेकाने पेटीत टाकायचं. पत्ता घरून आधी लिहून मागवा, पिनकोडसकट, तो अर्ध्या लोकांना पाठ नसतो.

घरच्यांच्या पलीकडे शाळेभोवतीची माणसं असतात, त्यांच्यासाठी वर्गाने मिळून एकेक मोठं कार्ड. माध्यान्ह आहार घेऊन येणाऱ्या बचतगटाच्या ताई, बालरथाचे, म्हणजे शाळेच्या बसचे ड्रायव्हर, झाडलोट करणाऱ्या मावशी. आमच्या मुलांनी स्वतःहून पोदेराचं, म्हणजे पाववाल्याचं नाव सुचवलं. तो सकाळी सायकलवर पोंय पोंय हॉर्न वाजवत शाळेसमोरून जातो. मुलांनी उंड्याचं, म्हणजे त्याच्याकडच्या पावाचं चित्र काढलं, गोल आणि मधे चीर, खाली लिहायला लावलं, 'तुमचो उंडो म्हाका आवडटा.' दुसऱ्या दिवशी सगळी गेटपाशी उभी राहिली. त्याने सायकल उभी केली, कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, आणि काहीच न बोलता टोपलीवरच्या निळ्या प्लॅस्टिकखाली, पावांच्या वर, दुमडू न देता ठेवून दिलं. जाताना वळणापर्यंत हॉर्न वाजवत गेला.

वर्गातल्या वर्गात देणं-घेणं

बुटाच्या खोक्याला फट पाडून पोस्टाची पेटी करा. नियम एकच, प्रत्येकाला एक कार्ड मिळालंच पाहिजे आणि प्रत्येकाने एक दिलंच पाहिजे. 'आवडत्या मित्राला द्या' असं म्हटलं तर एकाला सात मिळतात आणि एक मूल रिकाम्या हाताने बसतं. मी ते एकदा होऊ दिलंय, त्या मुलाचा चेहरा अजून आठवतो. म्हणून चिठ्ठ्या टाका, ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी बदाम करायचा आणि त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. 'चांगला आहे' चालणार नाही, काय करतो ते सांगायचं: 'पाण्याची बाटली उघडून देतो.' त्या दिवशी कोण गैरहजर आहे ते सकाळीच बघा आणि दोन-तीन बदाम जास्तीचे करून ठेवा.

खाऊ

चॉकलेट वाटायची गरज नाही. कलिंगडाचा सीझन सुरू झालेला असतो, चकत्या करून बिया काढा आणि बिस्किटांच्या साच्याने बदाम पाडा, साचा नसेल तर सुरीने त्रिकोण कापून वर खाच दिली तरी चालतं, कापायचं काम तुमचं. उरलेला भाग टाकू नका, मुलं तोही खातात. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, काजू देऊ नका, घशात अडकतात. कोणाला काय बाधतं ते घरी विचारून यादी करा, काजूची अ‍ॅलर्जी आपल्याकडेही असते.

वेळेचं गणित सांगते. लहान मुलं एका कामावर दहा-बारा मिनिटं बसतात, मग उठतात. त्यामुळे त्या दिवशी आधी गाणं, मग कागदी गुंडाळीने ऐकणं, मग ठसे, हात धुणं, खाऊ, शेवटी पेटी उघडणं, एवढंच. कापणं आणि कार्डं आधीच्या दिवसांत उरकलेली असावीत. फोटो काढायचे तर पालकांची परवानगी आधी घ्या.

शेवटची आवराआवर. रंगाची झाकणं लगेच धुवा, वाळली की घासत बसावं लागतं. उरलेली खळ मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. जाळी झालेली पिंपळपानं प्रत्येकाच्या वहीत एक एक घालून घरी द्या आणि मुलांना सांगा की जूनपर्यंत वही उघडायची नाही. उघडतातच, म्हणून चार-पाच जास्तीची तुमच्या रजिस्टरमध्ये ठेवा.